ओपिऑइड व्यसनावरील उपचार, पुनर्वसन आणि सरकारी अनुदान : पुण्यातील कुटुंबे व संस्था यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्द, ब्राऊन शुगर, अफू, वेदनाशामक गोळ्या किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांच्या व्यसनात अडकलेल्या माणसासाठी सरकारी पैशातून काय मिळू शकते, हे विचारणारे दोन प्रकारचे लोक असतात. पहिले घरचे लोक आणि दुसरे व्यसनमुक्तीचे काम करणारे किंवा करू इच्छिणारे कार्यकर्ते. दोघांचे प्रश्न वेगळे असले, तरी उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती येथे एकत्र दिली आहेत. आरंभीची उत्तरे मुख्यतः कुटुंबांसाठी आणि पुढची संस्थांसाठी आहेत.

सरकार व्यसनी व्यक्तीला उपचारासाठी पैसे देते का?

नाही. रुग्णाच्या किंवा कुटुंबाच्या खात्यात उपचारासाठी रक्कम जमा होईल अशी ही योजना नाही. अनुदान उपचार देणाऱ्या संस्थेला किंवा रुग्णालयाला मिळते आणि त्यातून रुग्णाला सेवा मिळते. ‘अनुदान मिळवून देतो, फॉर्म भरा, एवढे शुल्क द्या’ असे कोणी कुटुंबाला सांगत असेल, तर तेथून सरळ उठून यावे.

ओपिऑइड म्हणजे नेमके कोणते पदार्थ? एमडी त्यात येते का?

अफू आणि तिच्यापासून किंवा तिच्यासारख्या रसायनांपासून बनणारे पदार्थ या गटात येतात : अफू, हेरॉइन, त्याचे अशुद्ध रूप असलेली ब्राऊन शुगर, मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या, कक्षेत आहे.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हे ओपिऑइड नाही. ते उत्तेजक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतून त्याचा प्रचंड साठा पकडला गेल्यापासून पुण्यात ‘ड्रग्ज’ म्हटले की एमडीच डोळ्यांपुढे येते. हा फरक उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण ओपिऑइडवर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत आणि तीच औषधे एमडीच्या व्यसनावर चालत नाहीत. अनुदानित केंद्र मात्र दोन्ही प्रकारच्या रुग्णांसाठी, तसेच दारूच्या व्यसनासाठीही, खुले असते.

हा प्रश्न महाराष्ट्रात खरोखर मोठा आहे का? पंजाबपुरताच नाही ना?

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राकडून देशव्यापी सर्वेक्षण करून घेतले आणि त्याचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक ओपिऑइड वापरत होते आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज होती. या ७७ लाखांपैकी निम्म्याहून अधिक लोक ज्या मोजक्या राज्यांत राहतात, त्यांत पंजाब, हरियाणा, दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्रही आहे. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर २० जणांपैकी एकालाच कधी काळी दाखल होऊन उपचार मिळाले होते, असेही तो अहवाल सांगतो. अनुदानाची सगळी चर्चा या शेवटच्या आकड्याभोवती फिरायला हवी. प्रत्यक्षात ती जनजागृतीच्या फेऱ्या आणि शपथा यांच्याभोवतीच अधिक फिरते.

पैसा कोणत्या योजनेतून येतो?

दोन वेगळ्या मंत्रालयांतून येतो आणि गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

सामाजिक न्याय मंत्रालयाचा ‘अमली पदार्थांची मागणी कमी करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा’ २०१८ मध्ये आखला गेला. निवासी व्यसनमुक्ती केंद्रे (सरकारी कागदांत ‘एकात्मिक पुनर्वसन केंद्र’, बोलताना ‘आयआरसीए’), वस्तीत जाऊन संपर्क साधणारी आणि येणाऱ्याला काही तास बसता येईल अशी संपर्क केंद्रे, मुलांसाठी समवयस्कांच्या मदतीने चालणारे प्रकल्प, जेथे काहीच नाही अशा जिल्ह्यांतील जिल्हा व्यसनमुक्ती केंद्रे आणि सरकारी रुग्णालयांतील व्यसन उपचार कक्ष या सर्वांना त्यातून साहाय्य मिळते. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेले नशामुक्त भारत अभियान ही याच मंत्रालयाची जनजागृतीची बाजू आहे. अभियान आणि उपचार यांना एकच समजू नये.

आरोग्य मंत्रालयाकडून दुसरा प्रवाह येतो. १९८८ पासून चालू असलेला व्यसनमुक्ती कार्यक्रम, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ओएसटी केंद्रे (ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी, म्हणजे नशेच्या जागी देखरेखीखाली औषध देणारी केंद्रे) हे सर्व या प्रवाहात मोडते. रुग्णाला मंत्रालयांशी काही देणेघेणे नसते हे खरे, पण एका ठिकाणी ‘ते औषध आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते दुसऱ्या प्रवाहात मिळू शकते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ हेलपाटे वाचतात.

पुण्यात पहिल्यांदा कोठे जावे?

श्वास मंदावला आहे, ओठ निळसर दिसत आहेत, हाक मारूनही जाग येत नाही, अशी अवस्था असेल तर १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि काय घेतले आहे ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. नालोक्सोन नावाचे इंजेक्शन ओपिऑइडचा अतिमात्रेचा परिणाम उलटवते, पण डॉक्टरांना कल्पनाच नसेल तर मौल्यवान वेळ जातो. ‘पोलिस केस होईल’ या धास्तीने ‘चक्कर आली’ एवढेच सांगणारी कुटुंबे पुष्कळ आहेत.

एरवी ससून रुग्णालयाचा मनोविकारशास्त्र विभाग किंवा येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथील बाह्यरुग्ण विभाग ही सरकारी दारे आहेत. स्वयंसेवी क्षेत्रात पुण्याला जुनी परंपरा आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, गर्दची लाट शहरात पसरत असताना, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि त्याच्या उभारणीला पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा मोठा आधार होता. सामाजिक न्याय मंत्रालयाची मदतवाहिनी १४४४६ वर आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस ही वाहिनी १४४१६ वर आहे. दोन्हींवर मराठीत बोलता येते का हे फोन लागताच विचारून घ्यावे आणि तशी मागणी करण्यात संकोच करू नये.

ओएसटी म्हणजे काय? एक नशा सोडवून दुसरी लावण्याचाच हा प्रकार नाही का?

हा आक्षेप घरातले वडीलधारे हमखास घेतात. क्वचित काही समुपदेशकही घेतात, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देणे भाग आहे.

ओएसटीमध्ये हेरॉइन किंवा इंजेक्शनच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दिले जाते. ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. ती शरीरात सावकाश काम करतात, त्यामुळे योग्य मात्रेत झिंग येत नाही, ‘टर्की’ (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) लागत नाही आणि माणूस सकाळी उठून पैसे कोठून आणायचे या विवंचनेतून सुटतो. केंद्रात प्रत्यक्ष काय घडते हे पाहिले तर शंका बरीचशी निवळते. परिचारिका गोळी बारीक करून जिभेखाली ठेवते, रुग्ण बाकावर काही मिनिटे न बोलता, थुंकी न गिळता बसून राहतो, नंतर तोंड उघडून गोळी विरघळल्याचे दाखवतो, नोंदवहीत सही करतो आणि कामावर जातो. यात चैनीला वाव फारसा दिसत नाही.

एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ओएसटी केंद्रे प्रामुख्याने इंजेक्शनवाटे नशा करणाऱ्यांसाठी आहेत, कारण सुईतून पसरणारा एचआयव्ही रोखणे हा त्यामागचा मूळ हेतू होता. तेथील औषध रुग्णाला विनामूल्य मिळते. चौकशी जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे किंवा सरकारी रुग्णालयातील एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात करावी. जो ओढून, म्हणजे पन्नीवर तापवून धूर घेतो, त्याच्यासाठी रुग्णालयातील व्यसन उपचार कक्ष किंवा मनोविकार विभाग हा मार्ग आहे. हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळावे अशी अपेक्षा ठेवू नये. व्यसनमुक्तीसाठी ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावे.

एक महिना दाखल केले की काम होते का?

बहुतेकांचे होत नाही. अनुदानाच्या रचनेतील सर्वांत मोठी उणीवही हीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हेरॉइन बंद केल्यावर साधारणपणे सहा ते बारा तासांत त्रास सुरू होतो : नाक गळणे, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, हाडे ठणकणे, झोप उडणे. दोन-तीन दिवसांत तो शिगेला पोहोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. घरच्यांना वाटते, सुटला. खरे तर या टप्प्यावर धोका वाढलेला असतो. शरीराची सवय मोडलेली असते, ओढ मात्र कायम असते. अशा वेळी बाहेर आल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. तुरुंगातून सुटलेल्यांच्या बाबतीतही हेच घडते. डिस्चार्जच्या दिवशी ही गोष्ट रुग्णासमोर आणि घरच्यांसमोर स्वच्छ शब्दांत सांगितली गेली पाहिजे.

अनुदानित निवासी केंद्राचा हिशेब मात्र खाटा, त्यावरील माणसे आणि दिवस यांवर बेतलेला असतो. केंद्रे १५, ३० किंवा ५० खाटांची मंजूर होतात. खाट भरलेली दाखवता येते, तपासणी अधिकाऱ्याला मोजता येते. सहा महिन्यांनी घरी जाऊन ‘औषध चालू आहे का’ विचारणाऱ्या कार्यकर्त्याचे काम तसे मोजता येत नाही, म्हणून त्याला मिळणारा पैसा तुटपुंजा असतो. दारूच्या रुग्णाचे एका महिन्याच्या निवासाने काही प्रमाणात भागते. ओपिऑइडच्या रुग्णाला मात्र महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, औषध आणि पाठपुरावा लागतो. त्यामुळे कुटुंबांनी केंद्र निवडताना ‘किती दिवस ठेवता’ याच्याआधी ‘सोडल्यावर काय करता’ हे विचारावे : ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणार की ओपिऑइडचा परिणाम रोखणारे नाल्ट्रेक्सोन देणार, पुढची तारीख कोणती, चुकली तर फोन कोण करणार, पुन्हा घेतल्याचे कळले तर दार बंद होणार का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर दुसरे केंद्र पाहावे.

केंद्र खरोखर मान्यताप्राप्त आहे हे कसे ओळखावे?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यानुसार दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. ट्रस्टची नोंदणी वेगळी, ही वेगळी. भिंतीवर धर्मादाय कार्यालयाचे प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत लावलेले असते आणि प्राधिकरणाचा कागद विचारला की ‘प्रोसेसमध्ये आहे’ असे उत्तर येते, हा प्रसंग शहराबाहेरच्या फार्महाऊसवजा केंद्रांत नवा नाही.

प्रमाणपत्राखेरीज काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. डॉक्टर कोणत्या वारी येतात आणि त्यांचे नाव काय, रात्री परिचारिका असते का, रुग्णाशी घरच्यांना बोलू देतात का, दारे बाहेरून कुलपात असतात का. ‘पहिले पंधरा दिवस भेट नाही’ असा सरसकट नियम सांगणाऱ्यांना त्याचे वैद्यकीय कारण विचारावे.

सरकारी अनुदान असलेले केंद्र पैसे मागू शकते का?

ज्या खाटांसाठी सरकार खर्च देते, त्या खाटेवरील रुग्णाकडून त्याच जेवणाचे आणि त्याच औषधाचे पैसे पुन्हा घेणे हा एका खर्चाचा दोनदा हिशेब झाला. काही संस्थांत अनुदानित खाटांबरोबर स्वखर्चाच्या खाटाही असतात आणि त्यात गैर काही नाही, परंतु आपला रुग्ण कोणत्या खाटेवर आहे हे दाखल करतानाच लेखी विचारून घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची छापील पावती घ्यावी. पावती द्यायला खळखळ होत असेल, तर जिल्हा समाजकल्याण कार्यालयात विचारणा करावी.

तो स्वतःहून यायला तयार नाही. गाडी पाठवून उचलून नेतात, ते करावे का?

करू नये. पुष्कळ आईवडील अगदी टोकाला आल्यावर हा मार्ग धरतात आणि त्यांची अवस्था समजण्यासारखी असते. तरीही रात्री चार माणसे येऊन हातपाय धरून घेऊन जाणे कायद्यात बसत नाही. रुग्णाची निर्णयक्षमता खरोखर ढासळलेली असेल आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या) अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी केल्यानंतर, जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येते आणि त्याची माहिती मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते. साखळदंडाने बांधून ठेवण्यास या कायद्याने पूर्ण मनाई आहे.

उपचाराला गेल्यास पोलिस पकडतील का?

उपचार घेणे हा गुन्हा नाही. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिला त्या आरोपाखालील खटल्यापासून संरक्षण मिळते. हेरॉइनच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. विक्रीच्या आरोपाला ते लागू होत नाही. ‘सरकारमान्य’ या अटीमुळे केंद्राच्या कागदपत्रांचा वरचा प्रश्न आणखी महत्त्वाचा ठरतो. प्रत्यक्ष गुन्हा दाखल असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. ऐपत नसल्यास शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

नाव गुप्त राहते का?

राहिले पाहिजे, २०१७ च्या कायद्याने तो रुग्णाचा हक्क आहे. केंद्राला लाभार्थ्यांची नोंद सरकारला द्यावी लागते, पण ती नोकरीच्या ठिकाणी, महाविद्यालयात किंवा सोसायटीत जाहीर करण्याचा अधिकार कोणालाही नाही. केंद्राने प्रसिद्धीसाठी फोटो काढताना रुग्ण ‘नाही’ म्हणू शकतो.

मेडिक्लेम किंवा सरकारी आरोग्य योजनेतून खर्च भागतो का?

मेडिक्लेमवर विसंबू नये. बहुतेक पॉलिसींच्या वगळणुकीच्या यादीत व्यसनावरील उपचार आणि त्यातून उद्भवणारे आजार स्पष्टपणे लिहिलेले असतात. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, नेमके निदान सांगून, विचारणा करावी.

जोडीच्या आजारांसाठी मात्र वेगळ्या वाटा आहेत. सुईतून झालेल्या हिपॅटायटिस सी वर २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत औषधे आहेत. शिरेत गाठ होणे, गळू, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग यांसाठी मोठ्या रुग्णालयाची गरज पडली, तर पुण्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखल होतानाच दाखवावी, बिल झाल्यावर नव्हे.

महिला आणि लहान मुले यांच्यासाठी काय सोय आहे?

अपुरी. पुण्यात मुक्तांगणचा ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे, ही दिलासा देणारी गोष्ट. एकंदर राज्यात मात्र स्त्रियांसाठी खाटा मोजक्याच आहेत. ओपिऑइड घेणारी स्त्री गरोदर असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करण्याचा प्रयत्न करू नये, कारण तीव्र विरहलक्षणांमुळे, म्हणजे नशा बंद केल्यावरच्या त्रासामुळे, गर्भाला धोका पोहोचतो. स्त्रीरोग आणि मनोविकार अशा दोन्ही विभागांच्या देखरेखीखाली औषध चालू करावे लागते.

अठरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर ठेवता येत नाही. स्थानकावर किंवा पुलाखाली नशा करणारे मूल दिसले तर १०९८ ला कळवावे.

आमची संस्था अनुदानासाठी अर्ज करू शकते का?

सोसायटी नोंदणी कायदा, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा किंवा कंपनी कायद्याचे कलम ८ यांखाली नोंदलेली, नफ्यासाठी न चालणारी, नियमित लेखापरीक्षण झालेली आणि या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेली संस्था अर्ज करू शकते. कालच नोंदवलेल्या संस्थेला केंद्र मिळत नाही. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण संकेतस्थळावरील ओळख क्रमांक, पॅन आणि पीएफएमएस या सरकारी निधीवाटपाच्या प्रणालीत नोंदवलेले बँक खाते ही पहिली तयारी. सामाजिक न्याय मंत्रालयाचा अर्ज ई-अनुदान संकेतस्थळावर भरायचा असतो.

अर्ज ऑनलाइन असला तरी वाट कागदांच्या बाहेरूनच जाते. जिल्हा समाजकल्याण कार्यालयाची स्थळतपासणी आणि राज्याची शिफारस यांवाचून फाइल पुढे सरकत नाही. पुणेकर संस्थांचे एक बरे आहे की जिल्ह्याचे कार्यालय विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आणि राज्याचे समाजकल्याण आयुक्तालयही शहरातच आहे. गडचिरोलीच्या संस्थेला जो प्रवास करावा लागतो, तो येथे पीएमपीच्या बसने होतो.

तपासणीत काय पाहतात, तर खोल्यांचे क्षेत्रफळ, स्वच्छतागृहे, औषधांचे कुलूपबंद कपाट, अग्निसुरक्षा, प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र फाइल, कर्मचाऱ्यांची शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि हजेरीपट. भाडेकरार कच्चा असेल तर अर्ज तेथेच अडतो.

कोणता खर्च मंजूर होतो?

प्रकल्प समन्वयक, अर्धवेळ डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, वॉर्डबॉय, स्वयंपाकी, हिशेबनीस अशा पदांचे मानधन, जागेचे भाडे, औषधे, जेवण, अंथरूण-पांघरूण, वाहतूक आणि किरकोळ कार्यालयीन खर्च हे नेहमीचे शीर्षक आहेत. इमारत बांधण्यासाठी किंवा जमीन घेण्यासाठी हा पैसा नसतो. प्रत्येक शीर्षकाची मर्यादा ठरलेली असते, आणि जेवणात वाचले म्हणून औषधांकडे वळवले असे परस्पर करता येत नाही.

मानधनाचे दर आणि पुण्यातील प्रत्यक्ष पगार यांत एवढे अंतर आहे की प्रशिक्षित परिचारिका सहा महिन्यांत खासगी रुग्णालयात जाते. व्यसनमुक्त झालेले जुने रुग्ण कार्यकर्ते म्हणून टिकतात आणि केंद्रे त्यांच्या बळावर चालतात. हे पद योजनेतही आहे, पण त्याचे मानधन कमीच ठेवले आहे, याला काय म्हणावे?

संस्थेला स्वतःचा किती वाटा घालावा लागतो?

व्यसनमुक्ती केंद्रांच्या केंद्रीय अनुदानाचा प्रस्थापित नियम मंजूर खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत सरकार आणि उरलेला भाग संस्था असा राहिला आहे. ईशान्येकडील राज्ये, सिक्कीम आणि जम्मू-काश्मीरसाठी तो ९५ टक्के होता. अर्ज करण्याच्या वर्षाची मार्गदर्शक तत्त्वे वाचूनच अंदाजपत्रक करावे. ‘मंजूर खर्च’ हे शब्द ध्यानात घ्यावेत. प्रत्यक्ष खर्च त्याहून अधिक झाला तर तो फरकही संस्थेच्याच माथी येतो, त्यामुळे कागदावरचे १० टक्के व्यवहारात पुष्कळ जास्त होतात.

हा वाटा उभारण्यासाठी चाकण, हिंजवडी, पिंपरी पट्ट्यातील कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हा पुण्यातील संस्थांना असलेला मोठा आधार आहे. आरोग्यसेवेचा प्रसार कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसतो. फक्त एक पथ्य पाळावे : सरकारी हिशेबात दाखवलेला तोच समुपदेशक सीएसआरच्या अहवालातही दाखवू नये.

अनुदान वेळेवर येते का? हिशेब कसा ठेवावा?

अनुदान हप्त्यांनी येते आणि हप्ता वर्षाच्या उत्तरार्धात येणे हे नवल नाही. तोपर्यंत किराणा उधारीवर आणि पगार देणगीवर चालतात. किमान सहा महिने तग धरता येईल एवढी गंगाजळी हाताशी नसेल, तर निवासी केंद्राच्या भानगडीत पडू नये. संपर्क केंद्र किंवा बाह्यरुग्ण सेवा यांपासून आरंभ करावा.

हिशेबाचे नियम केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमावली, २०१७ मध्ये आहेत. संस्थेला बंधपत्र द्यावे लागते, अनुदानासाठी स्वतंत्र हिशेब ठेवावा लागतो, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत जीएफआर १२-अ या नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते. ते गेल्याशिवाय पुढचे पैसे निघत नाहीत. अनुदानाच्या रकमेवर बँकेत मिळालेले व्याजही सरकारला परत करायचे असते आणि नवख्या संस्था येथे हमखास अडकतात.

लेखापरीक्षणात मोठ्या रकमांपेक्षा लहान रकमाच छळतात. मार्केट यार्डातून आणलेल्या भाजीची पावती म्हणजे पेन्सिलीने लिहिलेला चिटोरा. त्यावर ना नाव, ना तारीख. अशा वेळी संस्थेच्या छापील व्हाउचरवर वस्तू, वजन, दर, विक्रेत्याची सही आणि त्या दिवशी जेवलेल्या रुग्णांची संख्या लिहून तो चिटोरा त्याला जोडावा. जेवणारांची संख्या, खाटांची नोंदवही आणि हजेरीपट हे तीन आकडे जुळले की अर्धे आक्षेप गळून पडतात. ते न जुळता केवळ टापटीप दिसणारी फाइल अधिक संशयास्पद वाटते, आणि वाटायलाही हवी.

अमेरिकेतील नातेवाईक तिकडच्या ओपिऑइड अनुदानांची माहिती पाठवतात. त्यासाठी आपल्याला अर्ज करता येईल का?

नाही. तेथील ‘सॅमसा’ ही केंद्रीय संस्था २०१८ पासून ‘स्टेट ओपिऑइड रिस्पॉन्स’ या नावाने जे अनुदान देते, ते अमेरिकेतील राज्ये आणि प्रदेश यांना मिळते. त्याचे नियम वाचण्यासारखे मात्र आहेत. त्या अनुदानातून मान्यताप्राप्त औषधोपचार उपलब्ध करून देणे ही अट मुळातच घातलेली आहे. आपल्याकडील निवासी केंद्रांच्या अनुदानात खाटेला जेवढे महत्त्व आहे, तेवढे तेथे औषधाला दिलेले दिसते, आणि हे उचलण्याजोगे आहे.

नातेवाइकाने स्वतःच्या खिशातून देणगी द्यायची ठरवली, तर तो परदेशी नागरिक झाला आहे की अजून भारतीय पासपोर्टधारक आहे हे पाहावे. परदेशी नागरिकाची देणगी घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालील, नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते.

केंद्राविरुद्ध तक्रार कोठे करावी?

मारहाण, डांबून ठेवणे किंवा मृत्यू असा प्रकार असेल तर आधी पोलिस ठाणे. उपचारांतील हक्कांचा भंग झाला असेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ. रुग्ण स्वतः किंवा त्याचा प्रतिनिधी तेथे साध्या अर्जावर दाद मागू शकतो. नोंदणीबाबत राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, ट्रस्टच्या कारभाराबाबत धर्मादाय आयुक्त कार्यालय आणि अनुदानाच्या वापराबाबत जिल्हा समाजकल्याण कार्यालय. एखाद्या संस्थेला किती अनुदान मंजूर झाले, तपासणी अहवालात काय लिहिले आहे, हे माहिती अधिकारात समाजकल्याण कार्यालयाकडे मागता येते. अर्जात एका वेळी एकाच आर्थिक वर्षाची माहिती मागावी आणि कागदपत्रांची नावे नेमकी लिहावीत : मंजुरी आदेश, तपासणी अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र. रुग्णांची नावे मागू नयेत. ती मिळणार नाहीत आणि मिळताही कामा नयेत.